विद्युत दुचाकीच्या मोटारीतील वारंवार उद्भवणारे बिघाड आणि हमीकाळातील ग्राहकाचे हक्क : शिर्डी परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

विद्युत दुचाकीचा वापर ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रात रुजत असताना हमीकाळात एकच बिघाड पुनःपुन्हा उद्भवण्याचा प्रश्न पुढे आला आहे. मोटार बदलून दिली की हमीचे पालन झाले अशी विक्रेत्याची धारणा असते, तर बिघाड कायमचा दूर झाला पाहिजे अशी ग्राहकाची अपेक्षा असते. या दोन भूमिकांतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हब मोटारीची रचना व बिघाडाची कारणे, हमीपत्रातील अटी, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील तरतुदी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी लेखात केली आहे. वारंवार होणाऱ्या बिघाडाचे मूळ अनेकदा मोटारीबाहेर असते आणि ते सिद्ध करण्यासाठी पहिल्या दुरुस्तीपासूनच लेखी नोंद ठेवणे आवश्यक असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विद्युत दुचाकी, हब मोटार, हमी, उत्पादन दायित्व, जॉबकार्ड, जिल्हा ग्राहक आयोग.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा दुचाकीशी असलेला संबंध जुना आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली 'लुना' ही मोपेड ज्या कायनेटिक उद्योगसमूहाने घडविली, त्याचा कारखाना याच जिल्ह्यात उभा राहिला. सामान्य मध्यमवर्गीयाला स्वतःच्या मालकीचे वाहन मिळवून देण्यात त्या मोपेडचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लुना विद्युत रूपात पुन्हा बाजारात आली. पेट्रोलकडून विजेकडे चाललेल्या या स्थित्यंतराचे हे एक बोलके उदाहरण म्हणता येईल.

शिर्डी हे राहाता तालुक्यातील तीर्थक्षेत्र. श्री साईबाबांच्या समाधी मंदिरामुळे येथे वर्षभर भाविकांची वर्दळ असते. हार-प्रसादाची दुकाने, लॉज, भोजनालये, मंदिर परिसरातील सेवा यांवर हजारो कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. काकडी येथील विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, तर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तथापि स्थानिक माणसाचा रोजचा प्रवास हा राहाता, साकुरी, निमगाव, पिंपळवाडी अशा जवळच्या गावांतून शिर्डीपर्यंतचा, म्हणजे पाच ते पंधरा किलोमीटरचा असतो. कमी अंतराच्या अशा नित्य प्रवासाला विद्युत दुचाकी सोयीची व काटकसरीची ठरते.

मात्र या वाहनाची मोटार हमीकाळात दोनदा-तीनदा बंद पडली, तर काटकसरीचे सर्व गणित कोलमडते. कर्जाचे हप्ते चालू राहतात, वाहन सेवा केंद्रात पडून राहते आणि हमीची मुदत मात्र दिवसागणिक कमी होत जाते. प्रश्न एका यंत्राच्या नादुरुस्तीपुरता नाही. ग्राहकाला दिलेल्या वचनाचा अर्थ काय आणि तो कोणी ठरवायचा, असा हा प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) हब मोटारीतील वारंवार बिघाडाची तांत्रिक कारणे सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२) हमीपत्रातील अटींचा व अपवादांचा अर्थ लावणे.
३) ग्राहकास उपलब्ध असणाऱ्या कायदेशीर मार्गांचा आढावा घेणे.
४) ग्राहकाने कोणत्या क्रमाने पावले उचलावीत, याबाबत उपाययोजना सुचविणे.

३. अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. कायद्यातील तरतुदी, न्यायनिर्णय व मोटारीच्या कार्यपद्धतीविषयी सर्वमान्य असलेली माहिती यांचा आधार घेतला असून लेखकाच्या स्वतःच्या वाहनाबाबतचा अनुभव व्यष्टी अध्ययन म्हणून मांडला आहे. एका प्रकरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाहीत, याची जाणीव आहे. ते प्रकरण केवळ विवेचन स्पष्ट करण्यासाठी घेतले आहे.

४. मोटारीची रचना आणि बिघाडाची कारणे

बहुतेक स्वस्त विद्युत दुचाकींमध्ये मागील चाकाच्या तुंब्यातच मोटार बसविलेली असते. तिला हब मोटार म्हणतात. या मोटारीत ब्रश नसतात. आतील स्थिर भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि बाहेरील फिरत्या कड्यावर निओडिमियमचे कायमचुंबक चिकटवलेले असतात. वेटोळ्यांना योग्य क्रमाने वीज पुरविण्याचे काम कंट्रोलर करतो. चाक कोणत्या स्थितीत आहे, हे त्याला तीन हॉल सेन्सर कळवितात. कंट्रोलरकडून मोटारीकडे तीन जाड तारा, ज्यांना फेजच्या तारा म्हणतात, आणि सेन्सरच्या पाच बारीक तारा जातात. या सर्व तारा चाकाच्या आसातील पोकळीतून आत शिरतात.

म्हणजे ज्याला व्यवहारात 'मोटार गेली' असे म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात मोटार, सेन्सर, कंट्रोलर, तारा व कनेक्टर अशा पाच घटकांपैकी कोणताही घटक दोषी असू शकतो. वारंवार बिघाडाचे रहस्य येथेच आहे. दोष तारेत असेल आणि बदलली मोटार, तर नवी मोटारही जुन्या मोटारीच्याच वाटेने जाते. अशा बिघाडाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) ओलावा शिरणे : मोटार चालताना तापते व आतील हवा प्रसरण पावते. तापलेल्या चाकावर पावसाचे किंवा धुण्याचे गार पाणी पडले की ती हवा आकुंचन पावते आणि आसातील तारांच्या फटीतून बाहेरचा ओलावा आत ओढला जातो. कंट्रोलरकडून येणारी केबल वरून सरळ खाली आसाकडे उतरवलेली असेल, तर पाणी केबलवरून ओघळत थेट त्या फटीपर्यंत पोहोचते. केबलला आसाच्या खालच्या पातळीपर्यंत झोळ देऊन मग वर आसात नेले, तर पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. इतका साधा हा उपाय आहे. ओलाव्याने प्रथम हॉल सेन्सर व त्यांचे जोड निकामी होतात, नंतर गंज व बेअरिंगचा आवाज सुरू होतो.

आ) उष्णता : तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ४८ व्होल्ट बॅटरीवर चालणाऱ्या २५० वॅट मोटारीला सपाट रस्त्यावर पाच-सहा अँपिअर प्रवाह पुरतो. दोन माणसे, सामान व चढ एकत्र आले की कंट्रोलर त्याच्या दुपटीहून अधिक प्रवाह देऊ शकतो. निओडिमियम चुंबकाच्या साध्या प्रतीची चुंबकशक्ती ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते. शिर्डी परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हब मोटारीच्या आत हवा खेळती नसते, हे लक्षात घेतल्यास या कारणाचे महत्त्व पटते.

इ) आस फिरणे : मोटार चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तितकाच उलटा पीळ आसावर पडतो. आसाचे नट सैल असतील किंवा पीळ अडविणारी पट्टी बसविलेली नसेल, तर आस आपल्या खाचेत थोडा फिरतो, केबल पिळली जाते व फेजच्या तारांचे आवरण फाटते. दोन तारा एकमेकींस भिडल्या की कंट्रोलरमधील मॉस्फेट जळतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर हा दोष बळावतो.

ई) सदोष कंट्रोलर : कंट्रोलरचा एखादा मॉस्फेट अर्धवट निकामी झाला, तर एका वेटोळ्यास प्रमाणाबाहेर प्रवाह मिळतो. अशा वेळी केवळ मोटार बदलल्यास नवी मोटारही काही आठवड्यांत तापून निकामी होते.

निदानाच्या काही चाचण्या सोप्या आहेत. वीज बंद करून मागचे चाक हाताने उलट्या दिशेने फिरवावे. ते अडखळत, जड फिरत असेल, तर फेजच्या तीन तारा कंट्रोलरपासून अलग करून पुन्हा फिरवावे. आता चाक मोकळे झाले तर दोष कंट्रोलरच्या बाजूस, आणि तरीही जडच राहिले तर दोष मोटारीत किंवा तिच्या केबलमध्ये आहे, असे अनुमान काढता येते. तीन हॉल सेन्सरांचे संकेत मल्टिमीटरवर पाहिल्यास आठपैकी सहाच जुळण्या ग्राह्य असतात. तिन्ही संकेत एकाच वेळी शून्य किंवा तिन्ही एकाच वेळी उच्च आले, तर सेन्सर अथवा त्यांची तार सदोष आहे हे स्पष्ट होते. मात्र हमीकाळात ग्राहकाने स्वतः मोटार उघडू नये किंवा जोड काढू नयेत. या चाचण्या सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने आपल्यासमोर कराव्यात व त्यांचे निष्कर्ष जॉबकार्डवर लिहावेत, असा आग्रह मात्र धरावा.

५. हमीपत्राचा अर्थ

हमीपत्र हा करार आहे, परंतु तो बहुधा खरेदीनंतर वाचला जातो. त्यातील चार बाबी वारंवार बिघाडाच्या संदर्भात महत्त्वाच्या ठरतात.

पहिली बाब म्हणजे घटकनिहाय मुदत. बॅटरी, मोटार, कंट्रोलर व चार्जर यांच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. मोटारीला तीन वर्षे व कंट्रोलरला एकच वर्ष अशी तरतूद असल्यास, कंट्रोलरचा मूळ दोष वर्षभरात ओळखला गेला पाहिजे. अन्यथा मोटार हमीत असूनही खरा दोषी घटक हमीबाहेर जातो.

दुसरी बाब बदललेल्या भागाच्या मुदतीची. बहुतेक हमीपत्रांत बदलून दिलेल्या भागास नवी मुदत न मिळता मूळ मुदतीचा उरलेला काळच लागू होतो. त्यामुळे वाहन सेवा केंद्रात पडून असलेले दिवसही ग्राहकाच्याच खाती पडतात.

तिसरी बाब अपवादांची. पाण्यात बुडणे, अनधिकृत दुरुस्ती, अतिभार, व्यावसायिक वापर, नियत सर्व्हिसिंग चुकविणे ही नेहमीची अपवादांची यादी. यांपैकी 'पाणी शिरले' हे कारण वादाचे मूळ ठरते. पुराच्या पाण्यात वाहन बुडणे आणि पावसात चालविताना मोटारीत ओलावा शिरणे या भिन्न गोष्टी आहेत. रस्त्यावर चालण्यासाठी विकलेल्या वाहनाने पाऊस सहन करणे हे गृहीतच आहे. बुडाल्याचा पुरावा नसताना आत पाणी सापडणे, हे ग्राहकाच्या चुकीपेक्षा सीलच्या अपयशाचे लक्षण मानणे अधिक तर्कसंगत आहे.

चौथी बाब उपायाच्या निवडीची. दुरुस्ती करायची की भाग बदलायचा हा निर्णय उत्पादक स्वतःकडे राखून ठेवतो आणि वाहन बदलून देण्याचे वा पैसे परत करण्याचे वचन देत नाही. येथेच हमीपत्राची मर्यादा संपते व कायद्याचे क्षेत्र सुरू होते.

६. कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा समृद्ध आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

कलम २(१०) नुसार कायद्याने किंवा करारान्वये राखावयाच्या दर्जातील कोणतीही उणीव म्हणजे 'दोष', तर कलम २(११) नुसार सेवेच्या दर्जातील उणीव म्हणजे 'त्रुटी'. सदोष मोटार हा मालातील दोष आणि चुकीचे निदान करून पुनःपुन्हा तीच दुरुस्ती करणे ही सेवेतील त्रुटी होय. तक्रारीत या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे मांडाव्यात, कारण मालातील उत्पादनदोष सिद्ध झाला नाही, तरी सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई मिळू शकते.

कलम ८२ ते ८७ मध्ये उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. कलम ८४ नुसार उत्पादन स्पष्ट हमीशी सुसंगत नसेल आणि त्यामुळे हानी झाली असेल, तर आपण निष्काळजीपणा वा फसवणूक केली नाही असे सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही. कलम ८६ विक्रेत्यास लागू होते. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यास जबाबदार धरता येते. सुटे भाग आयात करून जोडणी केलेल्या, अल्पपरिचित नावाच्या वाहनांबाबत ही तरतूद विशेष उपयोगी आहे. २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक व विक्रेता यांचे संबंध स्वतंत्र पक्षांचे असल्याने विक्रेत्याच्या कृत्यास उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, असा निर्णय दिला. म्हणूनच तक्रारीत दोघांनाही पक्षकार करून प्रत्येकाचे कृत्य वेगळे नमूद करणे श्रेयस्कर होय.

शिर्डीसारख्या गावात 'ग्राहक कोण' हा प्रश्नही उद्भवतो. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, असे कलम २(७) सांगते. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका मिळविण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू या अपवादात मोडत नाही. दुचाकीवरून फुले पोहोचविणारा हारविक्रेता म्हणूनच कायद्याने ग्राहक ठरू शकतो. हमीपत्रातील 'व्यावसायिक वापर' हा अपवाद आणि कायद्यातील 'व्यापारी प्रयोजन' ही संज्ञा एकच नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

तक्रार कोठे करावी याचे उत्तर कलम ३४ मध्ये आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. उत्पादक दुसऱ्या राज्यात असला, तरी शिर्डीच्या रहिवाशास अहिल्यानगर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. शिर्डीपासून हे अंतर सुमारे ८० किलोमीटर असले, तरी तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय २०२० पासून 'ई-दाखिल' व २०२५ पासून 'ई-जागृती' या प्रणालीद्वारे उपलब्ध झाली. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत शुल्क लागत नाही व वकील नेमण्याचे बंधन नाही. कलम ६९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. 'पुढच्या वेळी नक्की ठीक होईल' या आश्वासनांवर वाट पाहत राहणाऱ्या ग्राहकाची हीच मुदत निसटून जाते.

७. वाहन बदलून मिळण्याचा प्रश्न

अमेरिकेत याबाबत स्वतंत्र कायदे आहेत. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये असा पहिला कायदा केला. तेथील अनेक राज्यांत एकच दोष ठराविक प्रयत्नांत, बहुधा चार दुरुस्त्यांत, दूर झाला नाही किंवा वाहन दुरुस्तीसाठी एकूण तीस दिवस बंद राहिले, तर ते वाहन सदोष असल्याचे अनुमान केले जाते. भारतात असा आकड्यांचा नियम नाही. किती दुरुस्त्यांनंतर वाहन बदलून मागता येईल, हे प्रत्येक प्रकरणातील पुराव्यावर ठरते.

मारुती उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले की, हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचे वचन असताना संपूर्ण वाहन बदलण्याचा आदेश समर्थनीय नाही. पुढे २०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात इंजिन बदलून देण्याच्या आदेशाला पूरक म्हणून न्यायालयाने असा निर्देश दिला की, स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने वाहनात अंगभूत उत्पादनदोष असल्याचे मत दिल्यास ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळेल. दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यास हमीपत्राच्या भाषेइतकेच महत्त्व स्वतंत्र तज्ज्ञमतास आहे, हे दिसून येते. दोष चाचणीशिवाय ठरविता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो व प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो.

८. एक व्यष्टी अध्ययन

प्रस्तुत लेखकाने २०२३ च्या जूनमध्ये ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेची, २५० वॅट मोटारीची विद्युत दुचाकी महाविद्यालयात जाण्या-येण्यासाठी घेतली. रोजचा प्रवास १४ किलोमीटर. मोटारीला तीन वर्षांची हमी होती. सप्टेंबरमध्ये चाक अडखळू लागले व वाहन बंद पडले. सेवा केंद्राने अकरा दिवसांनी मोटार बदलून दिली. जॉबकार्डवर 'मोटार बदलली' एवढेच दोन शब्द होते.

पुढच्या जुलैमध्ये, पहिल्या जोरदार पावसानंतर, तोच बिघाड पुन्हा झाला. या वेळी 'पाणी शिरल्याने हमी लागू नाही' असे तोंडी सांगण्यात आले. नकार लेखी मागितला असता तो मिळाला नाही. वाहन कधीही पाण्यात बुडाले नव्हते, हे नमूद करून ई-मेल पाठविला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. तेवीस दिवसांनी मोटार विनामूल्य बदलून मिळाली. तक्रार 'निवारण झाले' या शेऱ्यासह बंद झाली. सात आठवड्यांनी तिसरी मोटार बंद पडली.

तिसऱ्या वेळी भौतिकशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यास सोबत नेले व वर सांगितलेल्या चाचण्या तंत्रज्ञाकडून समक्ष करून घेतल्या. तेव्हा असे दिसले की, केबल सीटखालून सरळ आसाकडे उतरत होती. तिला झोळ नव्हता. वाहनाच्या बाजूचा कनेक्टर आतून काळवंडला होता आणि दोन्ही वेळा तो तसाच ठेवून त्यात नवी मोटार जोडली गेली होती. म्हणजे दोन मोटारी बदलूनही बिघाडाचे कारण जागेवरच होते. हे निष्कर्ष जॉबकार्डवर लिहून घेतले, छायाचित्रे काढली व विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठविली. तीत तीन दुरुस्त्यांच्या तारखा, वाहन बंद राहिल्याचे एकूण दिवस आणि मूळ कारण दूर करण्याची मागणी एवढेच होते. उत्तरादाखल मोटार, कंट्रोलर व कनेक्टर बदलून केबलची मांडणी सुधारण्यात आली आणि नव्या मोटारीस बदलीच्या तारखेपासून बारा महिन्यांची हमी लेखी देण्यात आली. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा वाहन विनातक्रार चालले आहे.

या प्रकरणात तक्रार आयोगापर्यंत न्यावी लागली नाही. तथापि पहिल्याच वेळी कारण लिहून घेतले असते, तर पुढील दोन बिघाड कदाचित टळले असते. ही चूक सेवा केंद्राची तशीच ग्राहक म्हणून प्रस्तुत लेखकाचीही होती.

९. वैयक्तिक तक्रारीकडून सामूहिक प्रश्नाकडे

'निवारण' या शब्दाचा अर्थ किती निसरडा आहे, हे एका गाजलेल्या प्रकरणावरून लक्षात येते. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात ओला इलेक्ट्रिकविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीस कारणे दाखवा नोटीस बजावली. ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने कळविले. त्यानंतरही प्राधिकरणाने अधिक चौकशीचा मार्ग स्वीकारला. तक्रार बंद होणे आणि बिघाड संपणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आकडेवारी पहिल्या गोष्टीची ठेवली जाते, ग्राहकाला हवी असते दुसरी.

सुरक्षिततेस बाधक दोष अनेक वाहनांत आढळल्यास ती परत मागविण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११०अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आली. परंतु ताशी २५ किलोमीटर व २५० वॅट या मर्यादेतील वाहने नियमानुसार 'मोटार वाहन' मानली जात नाहीत. त्यामुळे त्यांना नोंदणी व अनुज्ञप्ती लागत नाही आणि परत मागविण्याच्या या व्यवस्थेचे संरक्षणही मिळत नाही. ज्या अल्प उत्पन्न गटाला हे वाहन परवडते, त्यालाच हे संरक्षण नाही, हा विरोधाभास चिंतनीय आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २० खाली धोकादायक वस्तू परत मागविण्याचा केंद्रीय प्राधिकरणाचा अधिकार तेवढा या वाहनांबाबत उरतो.

१०. उपाययोजना

१) खरेदीच्या वेळी बिल, हमीपत्र, चासी व मोटार क्रमांक यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मोटार बदलल्यास नवा क्रमांक जॉबकार्डवर घ्यावा.
२) प्रत्येक दुरुस्तीच्या जॉबकार्डवर लक्षण, केलेली चाचणी, सापडलेले कारण, बदललेला भाग व वाहन ठेवल्याची आणि परत दिल्याची तारीख या पाच नोंदी मागाव्यात. नोंद नाकारल्यास त्याच दिवशी ई-मेलने ती स्वतः कळवावी.
३) हमी नाकारली गेल्यास अपवादाचे कलम व पुरावा लेखी मागावा.
४) दुसऱ्यांदा तोच बिघाड झाल्यास केवळ भाग बदलण्याची नव्हे, तर मूळ कारण शोधण्याची मागणी करावी आणि हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन समेट घडवू शकते, आदेश देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे.
५) तिसऱ्यांदा बिघाड झाल्यास शासकीय तंत्रनिकेतन वा अभियांत्रिकी महाविद्यालयातील तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे, दोन्ही पक्षांना नोटीस पाठवावी व मुदतीत उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे जावे.
६) मागणी क्रमाने मांडावी : दोष दूर करणे, ते न झाल्यास वाहन बदलून देणे, तेही न झाल्यास किंमत परत करणे, आणि सोबत नुकसानभरपाई व खर्च. कलम ३९ मध्ये या सर्व उपायांची तरतूद आहे.

महाविद्यालयांनाही यात भूमिका आहे. वाणिज्य विभागाकडे कायद्याचे ज्ञान आहे, भौतिकशास्त्र विभागाकडे मल्टिमीटर आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेकडे गावोगावी पोहोचणारे विद्यार्थी आहेत. २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन भाषणापुरता साजरा करण्याऐवजी या तिन्ही विभागांनी मिळून वर्षातून दोनदा विद्युत वाहन तपासणी व तक्रारलेखन शिबिर घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिक्षण व परिसरातील ग्राहकांना आधार मिळेल.

११. समारोप

वारंवार होणारा बिघाड हा नशिबाचा भाग नसून बहुधा न शोधलेल्या कारणाचा परिणाम असतो. ते कारण शोधण्याची जबाबदारी हमी देणाऱ्याची आहे, पण ती पार पाडली गेली की नाही हे दाखविणारा कागद ग्राहकालाच जपावा लागतो. ठराविक दुरुस्त्यांनंतर वाहन सदोष मानण्याचा नियम आपल्याकडे यावा आणि बदललेल्या भागास बदलीच्या दिवसापासून किमान मुदत मिळावी, या दोन सुधारणांची नितांत आवश्यकता आहे. त्या होईपर्यंत नीट भरलेले जॉबकार्ड हेच सामान्य ग्राहकाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन आहे. विजेवरील वाहनाविषयी समाजात विश्वास निर्माण व्हायचा असेल, तर दिलेल्या हमीचा शब्द पाळला गेला पाहिजे. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम सुशिक्षित वर्गाने टाळता कामा नये.